गव्हाणीतल्या चिठ्ठ्या

देवळाली कॅम्पातल्या पगाऱ्यांच्या घरात प्रार्थनेच्या वेळी तोंडाने काही मागायला बंदी होती. ही बंदी फादरांनी घातलेली नव्हती. ती घातली होती घरातल्या थोरल्याने, मनोजने, आणि तिला कारण झालं होतं एक लोणचं.

त्याचं असं झालं. नाताळच्या आधीचे चार रविवार, म्हणजे आगमनकाळ, सगळं घर मनोजच्या आईकडे, गोजराबाईंकडे जमायचं. हिरव्या डहाळ्यांच्या चक्रावर त्या त्या रविवारची मेणबत्ती लावायची, जपमाळ म्हणायची आणि मग ज्याला जे हवं ते त्याने देवाकडे मोठ्याने मागायचं. बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, ‘हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.’ चांगली रीत. पण एका वर्षी थोरली सून सरिता डोळे मिटून म्हणाली, “ज्यांनी सासूबाईंच्या लोणच्याची अख्खी बरणी गुपचूप माहेरी नेली, त्यांना देवाने क्षमा करावी.” सवयीने सगळे म्हणाले, हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक. त्यावर धाकटी सून प्रतिभा, तीही डोळे मिटूनच, म्हणाली, “ज्यांना दुसऱ्याच्या बरण्यांवर नजर ठेवायची खोड आहे, त्यांना देवाने दुसरं काहीतरी काम द्यावं.” सगळे पुन्हा म्हणाले, हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक. अर्धा तास हे चाललं. आवाज कुणाचा चढला नाही, जोडलेले हात कुणाचे सुटले नाहीत, आणि प्रत्येक टोमण्याला सगळं घर मान डोलावत राहिलं.

दुसऱ्या रविवारी मनोजने नियम काढला. नोटांच्या प्रेसमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, नियमाशिवाय त्याला घास उतरत नसे. मागणं चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही. चिठ्ठी नाताळसाठी मांडलेल्या येशूजन्माच्या गोठ्यातल्या रिकाम्या गव्हाणीत टाकायची. मनोजने ती वाचायची, सगळ्यांनी उत्तर द्यायचं, आणि एकदा उत्तर दिलं की त्या चिठ्ठीवर घरात चर्चा नाही. चिठ्ठ्या मग तिथेच पेंढ्याखाली राहायच्या, आणि चोवीस डिसेंबरला बाळ येशूला त्यांच्यावर निजवायचं.

नावं नसली तरी अक्षरं सगळ्यांची सगळ्यांना पाठ होती, ही गोष्ट वेगळी. प्रतिभाचा नवरा रोहित तर दरवर्षी न चुकता तीच एक चिठ्ठी टाकायचा: ‘दादाला हळू बोलायची बुद्धी दे. देव बहिरा नाही.’ आणि मनोज ती दरवर्षी, लॅम रोडवरच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात, नियमाप्रमाणे वाचायचा.

रोहितला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्यामागे तशी चिठ्ठी कुणी टाकली नाही.

यंदाचा तिसरा रविवार होता, गुलाबी मेणबत्तीचा. बाकीच्या तीन जांभळ्या, उपास-पश्चात्तापाच्या. ही एकच आनंदाची. आणि प्रतिभाला आज घरात एक गोष्ट सांगायचीच होती.

कारण पुढच्या रविवारी, मराठी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपता संपता चर्चमध्ये एक घोषणा व्हायची होती. ‘प्रतिभा रोहित पगारे आणि ललित साळवे, इगतपुरी, यांनी विवाहाचा मानस कळवला आहे. कुणास हरकत असल्यास धर्मगुरूंना कळवावे.’ आगमनकाळात लग्न लावत नाहीत, म्हणून लग्न जानेवारीत. पण घोषणा आधी तीन रविवार व्हायला हव्यात. फादर म्हणाले होते, “प्रतिभा, घरी सांगितलंस ना?” ती म्हणाली होती, “सांगते, फादर.” याला तीन आठवडे झाले होते.

आता गंमत अशी, की चर्चमधल्या घोषणा माइकवर वाचायचं काम गेली अकरा वर्षं मनोजकडे होतं.

“आज नाही सांगितलंस ना मम्मी,” सकाळीच निकिता म्हणाली होती, “तर मोठे पप्पा पुढच्या रविवारी माइकवरच फिट येऊन पडतील.” निकिता सोळा वर्षांची. घरात फक्त तिलाच माहीत होतं, आणि तिला ललित आवडायचा. तिला तो गणितं समजावायचा आणि उत्तर चुकलं तर हसायचा नाही.

भीती मनोजची होतीच, पण खरी भीती ती नव्हती. खरी भीती बाहेरच्या खोलीत खाटेवर बसून नाचणीच्या रोपांना पाणी शिंपडत होती. गोठ्याभोवती शेत दिसावं म्हणून गोजराबाई दरवर्षी ताटलीत नाचणी रुजत घालायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, एक कान गेलेला, गुडघे निम्मे गेलेले. रोहितच्या मागे त्या आणि प्रतिभा अशा दोघींनी एकमेकींना धरून ही सहा वर्षं काढली होती. पोटचा मुलगा गेला, आता सूनही चालली, हे त्या माउलीला कुठल्या तोंडाने सांगायचं, हे प्रतिभाला कळत नव्हतं.

स्वयंपाकघरात सरिता करंज्या भरत होती आणि प्रतिभा तळत होती. लोणच्याचं भांडण कधीच मिटलं होतं. त्याच्या जागी नवीन आली होती, एवढंच.

“सारण कमी पडलं वाटतं,” सरिता म्हणाली. “तांदूळ मात्र भरपूर दिसतोय गं घरात.”

प्रतिभाने झारा कढईतच फिरवत ठेवला. कोपऱ्यात इंद्रायणीची तीन पोती उभी होती. पाच-पाच किलोंची, पण तीन. प्रत्येक पोत्यावर निळ्या शाईत एकाच हातचं ‘इगतपुरी’ लिहिलेलं.

“स्वस्त मिळाला,” प्रतिभा म्हणाली.

“तीनदा?”

“हो.”

“तुम्ही तिघी बायका. त्यात आईंना डॉक्टरांनी भात बंद केलाय. निकिताला पोळी लागते. म्हणजे एका महिन्यात पंधरा किलो तू एकटीने खायचा.” सरिताने करंजीची कड नीट दाबली. “तो चर्चमध्ये पेटी वाजवणारा इगतपुरीचाच ना? रेल्वेतला. बायको वारली त्याची, चार-पाच वर्षं झाली असतील. नाव काय गं त्याचं?”

“मला काय ठाऊक, ताई.”

“पेटी छान वाजवतो. पण अलीकडे त्याचं लक्ष बायकांच्या तिसऱ्या बाकड्याकडे जास्त असतं. तिथं कोण बसतं बरं?”

तिसऱ्या बाकड्यावर प्रतिभा बसायची. तिने करंजी इतक्या जोरात उलटली की तेल शेगडीवर सांडलं.

सरिता आवाज खाली आणून म्हणाली, “हे बघ, मी मनात ठेवून बोलणारी नाही. तू गेलीस की आई माझ्याकडे येणार. नाशिक रोडला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यांना जिना चढवत नाही आणि मला त्यांचं बोलणं सोसवत नाही. आम्ही दोघी महिन्याभरात एकमेकींचा जीव घेऊ.”

“मी कुठं जाणारेय?” प्रतिभा म्हणाली. खोटं बोलताना तिचे कान लाल व्हायचे. ते झाले.

सरिताने कानांकडे बघितलं आणि हात धुतले. “बरं. मी चिठ्ठी लिहून येते.”

प्रतिभानेही गॅस बंद केला. जुन्या कॅलेंडरच्या पानाचे तुकडे ओट्यावर ठेवलेले होते. तिने लिहिलं, ‘मला लग्न करायचं आहे. माझ्या माणसांना ते कळू दे आणि पटू दे.’ वाचलं. तिने तो कागद घडी करून ब्लाऊजमध्ये खोचला आणि दुसऱ्या तुकड्यावर लिहिलं, ‘घरात शांतता नांदो.’ भित्रेपणाला इतकं सज्जन वाक्य दुसरं नाही.

गव्हाणीत ती चिठ्ठी टाकायला गेली तर गोजराबाई खाटेवरूनच म्हणाल्या, “टाकलीस का गं?”

“टाकली, आई.”

“हवं ते मागितलंस का नुसतं चांगलं चांगलं लिहिलंस?”

“चांगलंच लिहितात ना देवाला.”

“मी चौथी शिकले मिशनच्या शाळंत. सिस्टर म्हणायच्या, देवाला लबाडी लिहू नये, त्याला वाचायला येतं.” गोजराबाईंनी नाचणीवर पाणी शिंपडलं. “जा, मनोज आला बघ. आवाज येतोय गल्लीतून.”

सहा वाजता सगळे गोठ्यापुढे बसले. निकिता सगळ्यांत लहान, म्हणून गुलाबी मेणबत्ती तिने लावली. भिंतीवर रोहितचा फोटो होता, आणि त्याखाली त्यानेच कापलेला पुठ्ठ्याचा तारा, दरवर्षी नवा चमकी कागद चिकटवून वापरलेला. जपमाळ झाली. सरिताने शेवटच्या ‘नमो मरिये’ला जांभई दाबली. मग मनोजने चष्मा लावला, गव्हाणीत हात घातला आणि घसा साफ केला. शेजारचा कुत्रा भुंकायचा थांबला.

“जगात शांतता नांदो, आजारी माणसांना आरोग्य लाभो, आणि आपल्या चर्चच्या धर्मग्रामातल्या सर्वांनी मिस्साला वेळेवर यावं.”

ही त्याची स्वतःची. “हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक,” सगळे म्हणाले, मनोज सर्वांत मोठ्याने.

“घरात शांतता नांदो.”

“हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.” प्रतिभाने मान खाली घातली. गोजराबाई तिच्याकडे बघत होत्या, हे तिला न बघताच कळलं.

मनोजने तिसरी चिठ्ठी उलगडली. त्याची वाचायची पद्धत अशी, की डोळे पुढे आणि अर्थ मागून, पाच-सहा शब्दांच्या अंतराने. “माझ्या मम्मीला जी गोष्ट सांगायची भीती वाटते, ती तिला आज सांगता येऊ दे. आणि ती ऐकल्यावर मोठे पप्पांनी ओरडू नये. हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.”

उत्तर देऊन झालं, आणि मग अर्थ येऊन पोचला. मनोजने चष्म्यावरून निकिताकडे पाहिलं. निकिता अत्यंत भक्तिभावाने गोठ्यातल्या गाढवाकडे बघत होती.

“कुठली गोष्ट?”

“चर्चा नाही, मोठे पप्पा,” निकिता म्हणाली. “नियम आहे.”

“मी फक्त विचारतोय.”

“विचारणं म्हणजे चर्चाच,” सरिता म्हणाली. “पुढची वाचा.”

प्रतिभाला वाटलं, आता उठावं आणि सरळ गल्लीत निघून जावं. मनोजने पुढची चिठ्ठी काढली. या वेळी त्याने आधी मनात वाचायला सुरुवात केली आणि त्याचे ओठ थांबले.

“मोठ्याने,” गोजराबाई म्हणाल्या. “मला ऐकू येत नाय.”

मनोजने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. त्याने वाचलं, एकेक शब्द ओढत. “ललित साळवे हा माणूस बरा आहे. त्याच्या तांदळाचा भात मऊ होतो. माझ्या जावेचं त्याच्याशी जमलं आहे तर ते पार पडू दे. ती लोणचं चोरते, पण तिने खूप सोसलं आहे. फक्त आई कुठे राहणार हे देवाने आधी ठरवावं.”

प्रतिभाने सरिताकडे पाहिलं. मघाशी स्वयंपाकघरात जीव घ्यायच्या गोष्टी करणारी ही बाई आता पदराने नाक पुसत होती आणि नाक पुसत नसल्याचं दाखवत होती.

“हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक,” निकिता म्हणाली. सरिता म्हणाली. गोजराबाईही म्हणाल्या, जरा उशिराने पण ठणठणीत.

मनोज चिठ्ठीकडेच बघत राहिला.

“तू नाय म्हणालास,” गोजराबाई म्हणाल्या.

“ही चिठ्ठी सरिताची आहे.”

“चिठ्ठीला नाव नसतं,” सरिता म्हणाली. “तुमचाच नियम.”

“ही मागणी नाहीये, हा कट आहे.” मनोजने चिठ्ठी खाली ठेवली. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण ओरडायची सोय राहिली नव्हती; न ओरडण्याची प्रार्थना त्याने स्वतःच नुकतीच केली होती. “प्रतिभा, हे खरं आहे?”

आता पळायला जागा नव्हती. तसं पाहिलं तर ब्लाऊजमध्ये खोचलेल्या कागदावर जे होतं, तेच तिला म्हणायचं होतं.

“खरं आहे, भाऊजी. मला लग्न करायचंय. पुढच्या रविवारी चर्चमध्ये पहिली घोषणा आहे. तो कागद तुमच्याच हातात येणार होता. आधी सांगायचं होतं, तीन आठवडे रोज ठरवत होते. हिंमत झाली नाही.”

“सगळ्यांना माहीत होतं,” मनोज म्हणाला. “मला सोडून.”

“मी कुणालाच सांगितलं नव्हतं. निकिताला सोडून.”

“तांदळाने सांगितलं,” सरिता म्हणाली.

मनोज हसला नाही. त्याने फोटोकडे पाहिलं, आणि जेव्हा तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजातला तो चर्चमधला ठसका कुठेतरी गेला होता. “आणि रोहितचं काय? इथं त्याचा फोटो आहे. त्याने कापलेला तारा आहे. उद्या इथं दुसराच माणूस बसणार. मग त्याचं नाव घरात कोण काढणार? मी आजही गव्हाणीत हात घातला की त्याची ती चिठ्ठी चाचपतो. वेडेपणा आहे, पण चाचपतो.”

प्रतिभाचे डोळे भरून आले. तिला या माणसाचा राग येणार होता, तशी तिने तयारी केली होती. आणि त्याच्याबद्दल माया वाटावी, याची काहीच तयारी नव्हती. तिला वाटलं, राहू दे. नको ते लग्न. फादरांना उद्या सांगून येऊ.

“अजून एक हाय आत,” गोजराबाई म्हणाल्या.

मनोजने हात घातला. पेंढ्याच्या तळाशी घडी केलेला कागद होता. उलगडला, आणि वाकडं, मोठं, ओळ सोडून खाली घसरणारं ते अक्षर बघून त्याने चष्मा काढला. गोजराबाई आजवर चिठ्ठी निकिताकडून लिहून घ्यायच्या. ही त्यांनी स्वतः लिहिली होती.

“मला नाही वाचता येणार,” तो म्हणाला आणि कागद प्रतिभाच्या हातात दिला. “तू वाच.”

प्रतिभाने वाचलं. “प्रभू, मी कुठं जात नाय. माझं घर हे हाय. ललित सकाळच्या गाडीनं इगतपुरीला ड्युटीला जाईल आन संध्याकाळी येईल. रिक्षानं स्टेशनात जाऊन मी येळापत्रक इचारलंय. पास बी निघतो.” ती थांबली. पुढची ओळ तिला दिसेना, डोळे पुसावे लागले. “रोहितला सांग, तुझ्या बायकोला मी लेक म्हणून देते. रागावू नको. तिनं सहा वर्सं माझं केलं. आता तिचं कुणी करू दे. तुझा तारा हलवू देणार नाय.”

उत्तर द्यायचं होतं. निकिताने तोंड उघडलं आणि मिटलं. सरिताने आता पदर सरळ डोळ्यांनाच लावला होता. प्रतिभा कागदाची घडी पुन्हा पुन्हा घालत होती. वात जळत होती आणि सगळे कुणाची तरी वाट बघत बसले होते.

“हे प्रभू,” मनोज म्हणाला, “आमची प्रार्थना ऐक.”

इतकं हळू, की शेजारी बसलेल्या सरिताला ते ओठांवरून कळलं.

“काय म्हणाला तो?” गोजराबाईंनी चांगला कान पुढे केला.

“म्हणाले, आजी,” निकिता म्हणाली. “हळू म्हणाले.”

गोजराबाईंनी फोटोकडे बघितलं. “घ्या. लेकराची चिठ्ठी आज पोचली.”

पहिली हसली ती सरिता, मग निकिता, आणि मग प्रतिभा, रडता रडताच. मनोजने चष्मा पुसला, पुन्हा लावला, सगळ्या चिठ्ठ्या एकावर एक नीट रचल्या आणि पेंढा बाजूला केला. प्रतिभाने ब्लाऊजमधला कागद काढून त्यांच्यावर ठेवला. कुणी विचारलं नाही, तिने वाचला नाही. मनोजने वर पेंढा पसरला. चोवीस तारखेला बाळ निजेल तेव्हा टोचू नये म्हणून एक जाड काडी वेचून काढली.

“ललितला पुढच्या रविवारी इकडेच जेवायला बोलाव,” तो म्हणाला. “गाडीची वेळ मला कळव, मी स्टेशनवर जातो. आणि तो घोषणेचा कागद मीच वाचणार.”

“बरं, भाऊजी.”

“आणि आधीच सांगून ठेवतो,” मनोज म्हणाला, आणि आवाज हळूहळू मूळ पदावर येऊ लागला, “तो काही मी हळू वाचणार नाही.”

शेजारचा कुत्रा पुन्हा भुंकायला लागला.